पट्टा दोन आणि पायाखालची रेती



भूकंपात ओली, सैल रेती पाण्यासारखी वाहू लागते आणि ते टाळण्यासाठी जमिनीत ग्राउट, म्हणजे आत जाऊन घट्ट होणारा घोळ, भरतात, हा विषय नागपुरात मांडायचा म्हटल्यावर पहिला आक्षेप विषयावरच येणार हे उघड आहे. आपल्या शहराच्या भीती ठरलेल्या आहेत: मे महिन्यातले ऊन, उन्हाळ्यातले टँकर, नाग नदीचा पूर. भूकंप हा हिमालयाचा, कच्छचा, फार तर कोयनेचा विषय. शिवाय शहराचा पश्चिमेकडचा भाग दख्खनच्या बसाल्टवर बसला आहे आणि पूर्वेकडचा त्याहून कितीतरी जुन्या ग्रॅनाइट-नाइसवर. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि बऱ्याच ठिकाणी थोडे खणले की खडक लागतोच. काळी माती फुगते, आकसते, भिंतींना तडे पाडते. पण तिच्यात चिकणमाती भरपूर असल्याने भूकंपात ती रेतीसारखी वाहत नाही. मग ही चर्चा इथे कशाला? माझे म्हणणे असे की, शहर भूकंपाच्या नकाशात कोणत्या पट्ट्यात येते यावरून हा प्रश्न निकालात निघत नाही. तो एकेका जागेचा प्रश्न आहे. नागपूरच्या बहुतेक जागांपुरते उत्तर ‘काही करायला नको’ असेच येईल. मात्र काही मोजक्या जागी सैल, पाण्याने भरलेला, बारीक कणांचा थर आहे, आणि त्यातला सर्वांत धोक्याचा थर आपण स्वतःच गेल्या पन्नास वर्षांत घातला आहे. तिथे ग्राउटला काम आहे, पण तेही बेताचे, आणि बाकीचे उपाय करून झाल्यावरचे.

आधी रेतीचे काय होते ते पाहू. पायलीत धान्य ओतले आणि पायली हलवली की धान्य बसते आणि वर रिकामी जागा राहते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. सैल रेतीही हादऱ्याने बसायला पाहते. कणांमधल्या फटीत हवा असेल तर ती निघून जाते आणि रेती नुसती खचते. फटीत पाणी असेल तर गोष्ट बदलते. पाणी दाबले जात नाही, आणि काही सेकंदांत बारीक फटींतून वाट काढून ते निघूनही जाऊ शकत नाही. त्यामुळे कण एकमेकांवर टेकून जे वजन पेलत होते ते पाण्यावर येते. कार्ल टेर्झागी यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेले मृदायांत्रिकीचे मूळ सूत्र हेच की, मातीची ताकद कणांनी एकमेकांवर टाकलेल्या भारातून येते आणि पाण्याचा दाब त्या भारातून वजा होतो. वजाबाकी शून्यावर आली की रेतीला ताकदच उरत नाही. यालाच द्रवीकरण म्हणतात. वरची इमारत कलते, जमिनीतल्या रिकाम्या टाक्या आणि मॅनहोल वर तरंगून येतात, भेगांतून रेतीमिश्रित पाण्याचे फवारे उडतात. १६ जून १९६४ रोजी जपानमधल्या निगाता शहरात कावागिशी-चो वसाहतीतल्या बहुमजली इमारती अशाच कलल्या. त्यांतली एक जवळजवळ आडवी झाली, आणि तरीही तिच्या भिंती फारशा तडकल्या नव्हत्या. इमारत मजबूत होती, जमीन नव्हती. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास त्या वर्षापासून सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या देशात याचे दाखले त्याआधीचे आहेत. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारमधल्या मोठ्या पट्ट्यात जमीन खचली आणि शेतांवर रेतीचे थर पसरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या ‘खचलेल्या पट्ट्या’ची वेगळी नोंद करून ठेवली आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात कच्छच्या रणात असेच घडले, पण अभियंत्यांनी लक्षात ठेवावेत असे धडे दोन आहेत. पहिला कांडला बंदराचा. तिथला बंदर कार्यालयाचा मनोरा खोल पाइलवर उभा होता, तरी तो कलला. कारण पाइलभोवतीचा थर सुटला आणि बाजूला सरकू लागला की पाइललाच आडवा रेटा बसतो. ‘पाइल घातले आहेत, मग काळजी कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी कांडल्याचा विचार करावा. दुसरा धडा कच्छमधल्या छोट्या मातीच्या धरणांचा. चांग, शिवलखा, तापर, कासवती अशा अनेक धरणांचे नुकसान झाले. चांग धरण तर जवळपास पूर्ण बसले, आणि त्याचे मुख्य कारण धरणाच्या भिंतीत नसून तिच्या पायाखालच्या नदीच्या गाळात होते. दुष्काळामुळे जलाशयांत पाणी फारसे नव्हते, म्हणून खालची गावे वाचली. ही बचाव-योजना कोणत्याही आराखड्यात लिहिलेली नव्हती.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. नागपूर आयएस १८९३ या मानकाच्या नकाशात पट्टा दोनमध्ये आहे, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या भागात. आक्षेप योग्य आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. फक्त त्या नकाशाचा इतिहासही सोबत वाचावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा किल्लारी त्या वेळच्या नकाशात पट्टा एकमध्ये होती. त्याहून कमी धोक्याचा पट्टाच नव्हता. पुढे २००२ च्या आवृत्तीत पट्टा एक काढून टाकला आणि त्यातले बहुतेक प्रदेश पट्टा दोनमध्ये घेतले. म्हणजे आजच्या पट्टा दोनमध्ये असेही प्रदेश आहेत ज्यांना कालपर्यंत आपण निर्धास्त समजत होतो. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जबलपूर नागपूरपासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. इतक्या अंतरावरून आलेला तसा हादरा नागपूरची रेती सोडवणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. चिंता करायची ती जबलपूरची नव्हे, किल्लारीसारख्या भूकंपाची: मध्यम तीव्रतेचा, उथळ, जवळचा आणि आधी कुणाच्या यादीत नसलेला. त्याची शक्यता कमी आहे. शून्य आहे असे म्हणायला मात्र कुणाकडे आधार नाही.

कमी म्हणजे किती, याचा साधा हिशोब करून पाहता येतो. बोअर घेताना ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडत नमुनानळी ३० सेंटिमीटर आत जायला जितके ठोके लागतात, त्याला आपले अभियंते ‘एन व्हॅल्यू’ म्हणतात. हा आकडा कमी म्हणजे रेती सैल. सीड आणि इद्रिस यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका बाजूला हादऱ्याने रेतीवर येणारा ताण मोजतात आणि दुसऱ्या बाजूला एन व्हॅल्यूवरून रेतीची सहनशक्ती. पट्टा दोनसाठी मानकाने धरलेला गुणांक ०.१० आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या एक दशांश. पाण्याची पातळी जमिनीलगत असेल तर साध्या रेतीत या ताणाचे कणांवरच्या भाराशी गुणोत्तर साधारण ०.१३ येते. ७.५ तीव्रतेचा लांबलेला भूकंप धरला तर ठोके बाराच्या खाली असलेली स्वच्छ रेती धोक्यात येते. ६ तीव्रतेचा, थोड्या वेळाचा भूकंप धरला तर मर्यादा पाचाच्या आसपास उतरते. पट्टा तीन, चार आणि पाचमध्ये एन व्हॅल्यू १५ पेक्षा कमी आणि पट्टा दोनमध्ये १० पेक्षा कमी असलेली पाण्याखालची रेती टाळावी किंवा सुधारावी, असे मानकही सांगते. म्हणजे पट्टा दोनला सूट मिळालेली नाही, फक्त सवलत मिळाली आहे. सॉइल रिपोर्ट वाचताना आपल्याकडे नजर धारणक्षमतेच्या एका आकड्यावर जाते आणि बाकीची पाने तशीच राहतात. दहाची ही मर्यादा त्या न वाचलेल्या पानांतली आहे.

मग अशी रेती नागपुरात आहे कुठे? आपल्याकडे रेती म्हटली की रेतीघाट, लिलाव आणि रात्रीचे ट्रक आठवतात. उचलून नेण्याच्या रेतीवर जितकी चर्चा होते त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही जागेवर राहिलेल्या रेतीवर होत नाही. कन्हान नदीच्या पात्रात आणि लगतच्या काठावर ओली रेती आहे आणि तिच्यावर पूल, पाण्याच्या विहिरी, पंपघरे उभी आहेत. यांतल्या ज्यांचे पाये खडकापर्यंत पोचले आहेत त्यांना सोडून द्यावे. पश्चिमेला अकोला, अमरावती, बुलढाणा भागात पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे प्रचंड जाड थर आहेत, आणि कुणी त्यांच्याकडे बोट दाखवेल. पण गाळाचे वय इथे महत्त्वाचे ठरते. हजारो वर्षे दबून राहिलेल्या रेतीत कणांचे सांधे पक्के होत जातात. जगभरच्या नोंदींत द्रवीकरण प्रामुख्याने ताज्या थरांत सापडते, आणि ताजा म्हणजे काही शतकांचा. जुना गाळ बहुतांशी सुरक्षित निघेल. या कसोटीवर नागपूरजवळचा सर्वांत ताजा, सर्वांत सैल आणि सर्वांत ओला थर नदीने घातलेला नाही. तो कोराडी आणि खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या तळ्यांत आहे.

कोराडीचा पहिला संच १९७४ चा, खापरखेड्याचे पहिले संच १९८० च्या दशकाअखेरचे. तेव्हापासून कोळशाची राख पाण्यात कालवून पाइपातून तळ्यांत सोडली जाते, पाणी निथळते, राख बसते. अशा पाण्याबरोबर वाहत येऊन बसलेल्या थराबद्दल भूकंप-अभियांत्रिकीला चांगला अनुभव आहे, आणि तो चांगला नाही. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियात सॅन फर्नांडो भूकंपात लोअर व्हॅन नॉर्मन धरणाचा जलाशयाकडचा भाग घसरून पाण्यात गेला. ते धरण माती पाण्याबरोबर वाहवून बसवण्याच्या जुन्या पद्धतीने बांधलेले होते. माथ्याचा थोडा भाग पाण्याच्या वर राहिला म्हणून अनर्थ टळला, तरी खालच्या वस्तीतल्या सुमारे ८० हजार लोकांना हलवावे लागले. राखेत आणखी एक अडचण आहे. तिचे कण रेतीपेक्षा हलके असतात. रेतीच्या कणाची सापेक्ष घनता २.६५, राखेची साधारण २ च्या आसपास. पाण्याखाली हलक्या कणांचा एकमेकांवरचा भार आणखी कमी होतो. तोच हिशोब राखेसाठी मांडला तर ०.१३ चे गुणोत्तर ०.१८ च्या घरात जाते, म्हणजे तोच हादरा राखेला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जड जातो. ६ तीव्रतेच्या भूकंपातही मर्यादा पाचावरून नवाच्या आसपास चढते. हे आकडे रेतीच्या आलेखावरून राखेला लावलेले आहेत, त्यामुळे त्यांकडे दिशा दाखवणारे म्हणूनच पाहावे. पण दिशा स्पष्ट आहे. अनेक ठिकाणी तळे भरत आले की त्याच बसलेल्या राखेवर पुढचा बांध चढवून उंची वाढवतात; तशा बांधाचा पाया म्हणजे हीच सैल राख.

१६ जुलै २०२२ रोजी कोराडी केंद्राचे खसाळा इथले राखेचे तळे मुसळधार पावसात फुटले आणि राखेचा चिखल शेतांत, गावांत, पुढे नदीत गेला. त्याचा भूकंपाशी काही संबंध नव्हता, आणि मी तो जोडत नाही. मला त्या घटनेतून एवढेच घ्यायचे आहे की बांध सुटला तर आतला माल जागच्या जागी राहत नाही, वाहतो. आणि वाहत तो कन्हानपर्यंत जातो, जिथून नागपूर पाणी उचलते. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. भूकंपाची शक्यता कमी असली तरी परिणाम इतका मोठा असेल तर दोन्हींचा गुणाकार लहान राहत नाही.

आता ग्राउट. महाराष्ट्रातल्या अभियंत्यांना हा शब्द नवा नाही. धरणाच्या पायातल्या खडकाच्या भेगांत सिमेंटचा पातळ घोळ दाबाने भरून गळती अडवणारा पडदा उभारणे हे जलसंपदा खात्याचे रोजचे काम आहे, आणि सच्छिद्र मातीतल्या ग्राउटिंगसाठी आयएस ४९९९ हे वेगळे मानकही आहे. मात्र खडकाची भेग वेगळी आणि रेतीच्या कणांमधली फट वेगळी. साध्या सिमेंटचे बरेच कण ४० मायक्रॉन आणि त्याहून मोठे असतात. अनुभवाचा नियम असा की रेतीचा बारीक हिस्सा घोळाच्या जाड कणांपेक्षा साधारण पंचवीस पट मोठा हवा. ४० मायक्रॉनची पंचवीस पट म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे साधे सिमेंट भरड रेतीतच शिरते. बारीक रेतीत ते नळीच्या तोंडाशी साचते, वरच्या दाबमापकावर दाब चढतो, आणि कागदावर मात्र ‘इतकी पोती गेली’ अशी नोंद होते. अतिसूक्ष्म सिमेंट आणखी खाली जाते. त्याहून बारीक रेतीत कण नसलेले द्रव लागतात: सोडियम सिलिकेट, किंवा अलीकडचे कोलॉइडल सिलिका, जे सुरुवातीला पाण्याइतके पातळ असते आणि ठरवलेल्या वेळाने गोठून जेलीसारखे होते. राख रेतीपेक्षाही बारीक, त्यामुळे तिथे फटींत ग्राउट भिनवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी निकामी. तिथे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे घट्ट, न वाहणारा ग्राउट दाबाने ढकलून त्याचा गोळा तयार करणे, जेणेकरून भोवतीची राख दाबली जाते. या ग्राउटमध्ये त्याच केंद्राची राख वापरता येते, हा एक फायदाच. दुसरा म्हणजे शेकडो बार दाबाच्या फवाऱ्याने थर फोडून सिमेंटशी कालवणे आणि जमिनीत खांब उभे करणे.

इथे एक गोष्ट वारंवार विसरली जाते. द्रवीकरण रोखण्यासाठी रेतीचा दगड करायचा नसतो. कण जागच्या जागी धरले गेले की पुरते. चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोची ताकद आली तरी बारीक रेती मोठा हादरा सोसते. आपले नेहमीचे एम-२० काँक्रीट दोनशे किलोचे असते. म्हणून सिलिकासारखे दुबळे जेलसुद्धा कामाला येते, आणि म्हणूनच ‘काँक्रीटइतके मजबूत होत नाही’ हा आक्षेप मी बाजूला ठेवतो.

खर्चाचा आक्षेप मात्र बाजूला ठेवता येत नाही. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि सहा मीटर खोल असा रेतीचा तुकडा घ्या. आकारमान २४०० घनमीटर, त्यात फटी चाळीस टक्के धरल्या तर ९६० घनमीटर, म्हणजे ९ लाख ६० हजार लिटर द्रव. आणि ही फक्त एका मध्यम इमारतीखालची जागा झाली. शेकडो एकरांच्या राखेच्या तळ्याला हे गणित लावणेच व्यर्थ. याला उत्तर म्हणून मी दोन गोष्टी सांगेन. पहिली: तळ्याचा सर्वांत स्वस्त उपाय ग्राउट नाहीच, पाणी काढणे हा आहे. फटीत पाणी नसेल तर द्रवीकरण नाही. बांधाच्या पायथ्याशी निचऱ्याचे थर, पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या, राख कोरडी उचलून विटांत, सिमेंटमध्ये, रस्त्याच्या भरावात वापरणे, हे आधी. मोकळ्या जागेवर नवे काम असेल तर कंपन देऊन रेती दाबणे ग्राउटपेक्षा स्वस्त पडते, आणि तेच करावे. दुसरी: ग्राउट सगळीकडे भरावा लागत नाही. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात बंदरावरच्या ओरिएंटल हॉटेलचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. त्याच्या पायाखाली जमीन सिमेंटशी कालवून भिंतींची जाळी केली होती आणि मधली रेती तशीच ठेवली होती. भोवतीचे धक्के मीटर-दोन मीटर समुद्राकडे सरकले. जाळीत कोंडलेली रेती आणि तिच्यावरचे हॉटेल टिकले. राखेच्या बांधाखाली, त्याच्या पायथ्याच्या अरुंद पट्ट्यात अशी जाळी घातली तर तळे ग्राउट करावे लागत नाही, फक्त त्याचा टेकू पक्का करावा लागतो.

जिथे ग्राउटला पर्याय उरत नाही अशा जागा म्हणजे आधीच वापरात असलेल्या वास्तू: पुलाचा खांब, पंपघर, बांधाचा चालू भाग, जिथे कंपन दिले तर वरचे बांधकामच तडकेल. तिथे बारीक नळी तिरपी घालून काम करता येते. यावर नेमका प्रश्न येतो की, असे काम खऱ्या भूकंपात तपासले गेले आहे का? गेले आहे. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ इथल्या रिव्हरसाइड अव्हेन्यू पुलाखालची रेती सिलिकेटने धरून ठेवली होती. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात त्या भागात इतरत्र रेती सुटली, ग्राउट केलेली जागा टिकली. ११ मार्च २०११ च्या भूकंपात सेंदाई विमानतळाच्या धावपट्टीचे आधी ग्राउट केलेले भाग सपाट राहिले आणि शेजारचे न केलेले भाग खचले. त्सुनामीचा चिखल उपसल्यावर १३ एप्रिलला तिथून प्रवासी विमाने उडू लागली. अशी उदाहरणे शेकड्यांनी नाहीत आणि त्यांच्यावरून प्रत्येक मातीसाठी नियम काढता येणार नाही. पण एकाच धावपट्टीचे ग्राउट केलेले आणि न केलेले भाग शेजारी-शेजारी, एकाच हादऱ्यात, यापेक्षा स्वच्छ तुलना प्रयोगशाळेतही मिळत नाही.

पाण्याबाबतचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. जमिनीत रसायन भरले तर ते विहिरीत उतरणार नाही कशावरून? जपानमध्ये १९७४ साली फुकुओका भागात अॅक्रिलअमाइडच्या ग्राउटमुळे विहिरीचे पाणी दूषित झाले आणि लोकांना विषबाधा झाली. त्यानंतर तिथे रासायनिक ग्राउटवर कडक बंधने आली आणि सिलिकेटवर आधारलेले प्रकारच मुख्यतः उरले. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या हालांडसोस बोगद्यात तोच धडा पुन्हा गिरवला गेला. अॅक्रिलअमाइडचे ग्राउट भूजलात उतरले, मासे मेले, गुरांना बाधा झाली आणि काम थांबले. कन्हानच्या काठी, जिथून शहर पाणी पिते, तिथे असे काही वापरायचा विचारही करू नये. सिलिकेटसुद्धा निर्दोष नाही. ते पाण्याचा सामू वाढवते, आणि गोठण्यासाठी मिसळलेल्या घटकांची यादी तपासावी लागते. जिवाणूंकडून रेतीत कॅल्साइट बसवून घेण्याची पद्धत अलीकडे खूप गाजते. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यातून अमोनिया तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यातच जातो, हे जाहिरातीत लहान अक्षरात असते. तूर्त कन्हानकाठी घट्ट सिमेंट-राखेच्या ग्राउटलाच मी पसंती देईन, आणि काम चालू असेपर्यंत आणि नंतर किमान एक पावसाळा आसपासच्या विहिरींचे पाणी तपासत राहीन.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा आहे. जमिनीखाली काय झाले ते कुणाला दिसत नाही. २०१६ साली जपानमध्ये उघड झाले की टोकियोच्या हानेदा विमानतळाच्या धावपट्टीखाली द्रवीकरणविरोधी ग्राउटिंग करणाऱ्या कंपनीने ठरलेल्या द्रवाच्या सुमारे पाच टक्केच द्रव भरला होता आणि नोंदी मात्र पूर्ण कामाच्या दिल्या होत्या. कंपनीने ते कबूल केले. हे जपानमध्ये, जिथे तपासणीची शिस्त आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. आपल्याकडे ग्राउटिंगची बिले पोत्यांवर आणि नळीच्या मीटरवर निघतात. जितकी पोती तितके पैसे, आणि आधी सांगितले तसे पोती नळीच्या तोंडाशीही जिरतात. ही पद्धत बदलल्याशिवाय बाकीच्या चर्चेला फारसा अर्थ नाही. पायाखाली थर कसा आहे हे सांगणारे बोअर कामाआधी घ्यावेत, तेही एका जागी दोनच नव्हेत तर थर बदलतो तिथे तिथे. मग काही मीटरचा चाचणी-तुकडा करून, खणून, डोळ्यांनी पाहावा. काम झाल्यावर त्याच ठिकाणी, पण ठेकेदाराव्यतिरिक्त दुसऱ्या संस्थेकडून पुन्हा एन व्हॅल्यू आणि गाभ्याचे नमुने घ्यावेत. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) आहे, खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, शहरातच व्हीएनआयटी आहे. माणसे आणि उपकरणे शोधायला लांब जावे लागणार नाही. निविदेत देयकाचा मोठा हिस्सा या दुसऱ्या मोजणीशी बांधला, तर किती पोती गेली हा प्रश्न ठेकेदाराचा राहतो. नऊ ठोक्यांचा थर पंधरावर गेला की नाही, एवढेच मालकाने पाहायचे.